करड्या रंगाची बाराखडी
(द्वितीय वर्ष, कला)

निसर्गचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर, ओढा आणि ओढ्यावर वाकलेले एखादे झाड उभे राहते. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण सर्वांनी तेच काढलेले असते. दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्यसुद्धा त्यात चुकत नाही. मी लालबागला राहते. आमच्याकडे डोंगर नाही, ओढाही नाही, आणि सूर्य उगवतो तो पत्र्यांच्या छपरांमागून. तरीही गेले वर्षभर मी कॅमेरा घेऊन जे शिकते आहे त्याला निसर्गचित्रणच म्हणते. जमीन, आकाश आणि त्या दोहोंच्या मध्ये माणसाने जे काही उभे केले आहे, ते दूर उभे राहून नीट पाहणे एवढाच त्या शब्दाचा अर्थ मी घेतला आहे. भूदृश्य हा शब्द जास्त काटेकोर ठरेल, पण तो माझ्या तोंडी बसत नाही.

कॅमेरा मामांचा. मामांनी अनेक वर्षे लग्नांचे फोटो काढले. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि त्यांचा पेंटॅक्स के-१००० कपाटात गेला. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षे हे मॉडेल बाजारात येत राहिले, म्हणजे त्याची घडण किती साधी आणि टिकाऊ असेल याची कल्पना यावी. सेल लागतो तो फक्त आतल्या प्रकाशमापकाला. सेल संपला तरी शटर चालते. देताना मामा म्हणाले, "हे बघ, यात छत्तीस फोटो असतात. मोबाइलसारखं करू नकोस." एका रिळाच्या किमतीत आमच्या घरची आठवड्याची भाजी येते, त्यामुळे ते वेगळे सांगायची गरज नव्हती.

कोणी विचारील, खिशातल्या मोबाइलमध्ये रंग असताना हा काळ्या-पांढऱ्याचा हट्ट कशाला? याचे उत्तर मला लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिळाले. तिथे डंकांसमोर लाल मिरचीचे ढीग असतात, शेजारी हळद, धणे, तमालपत्र. डोळा रंगांनी असा भरून जातो की उजेड कुठून येतो आहे याकडे लक्षच राहात नाही. कृष्णधवल फिल्मवर तीच मिरची गडद करडी होते, हळद जवळजवळ पांढरी, आणि मग एकदम दिसू लागते की पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप फक्त दुसऱ्या ढिगावर पडली आहे. रंग वजा केला की उजेड शिल्लक राहतो. शिकणाऱ्याला आधी उजेड दिसायला हवा, म्हणून सुरुवात इथून करावी असे माझे मत आहे. (मोबाइल कृष्णधवलवर लावून नुसते पाहायचा सराव फुकट होतो. तो मी अजून करते.)

पण कोणता रंग किती करडा होणार, हे ओळखणे ही पहिली बाराखडी. दादरच्या फूलबाजारात सकाळी सहाला गेलात तर केशरी झेंडू आणि हिरवी आंब्याची पाने यांचे तोरण डोळ्यांना किती वेगवेगळे दिसते! फिल्मवर मात्र दोघांचा करडा रंग इतका जवळ येतो की फूल कुठे संपले आणि पान कुठे सुरू झाले ते कळत नाही. इथे भिंगावर रंगीत काच, म्हणजे फिल्टर, लावतात. नियम सोपा आहे: फिल्टर आपल्या रंगाला जाऊ देतो आणि विरुद्ध रंगाला अडवतो. नारिंगी काच लावली की झेंडू उजळतो, पाने काळवंडतात. लाल काच लावली तर तीच मसाल्याची मिरची चक्क कुरमुऱ्यांसारखी पांढरी येते. हा गमतीचा भाग झाला. निसर्गचित्रणात फिल्टरचे खरे काम आकाशाशी असते. पिवळी काच निळे आकाश थोडे गडद करते आणि ढग वेगळे दिसतात; नारिंगी काच त्याहून जास्त, लाल तर आकाश काळेच करून टाकते. मात्र काच जितका प्रकाश अडवते तितका तो भरून द्यावा लागतो. पिवळीला साधारण दुप्पट, नारिंगीला चौपट, लाल काचेला आठपट.

आमच्या मुंबईत एक अडचण वेगळीच आहे. लाल काच दूरचे धुके कापते असे पुस्तकांत असते. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांनी निळा प्रकाश विखुरतो आणि दूरचे डोंगर निळसर दिसतात. तिथे ते खरे आहे, कारण लाल प्रकाश कमी विखुरतो. पण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी परळवर जे धुरके बसते त्यात धूळ आणि ओलावा यांचे मोठे कण असतात, आणि ते सगळ्या रंगांना सारखेच विखुरतात. त्यांच्यापुढे लाल काचेचे फारसे काही चालत नाही. स्वच्छ निळे आकाश हवे असेल तर पाऊस ओसरल्यानंतरचे थोडे दिवस हेच खरे. धुरके असेल तर मी धुरक्याचाच फोटो काढते. एकामागे एक उभ्या इमारती त्यात पायरीपायरीने फिकट होत जातात, आणि अंतर दाखवायला त्याच्याइतके चांगले साधन दुसरे नाही.

इथे थोडे इतिहासात शिरते, कारण वाचता वाचता मला एक योगायोग सापडला. छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. मुंबईत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या काळातले एक जाणते छायाचित्रकार. आणि त्याच १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. गिरणी सुरू झाली १८५६ मध्ये. म्हणजे मुंबईत कॅमेऱ्याची सोसायटी आणि गिरणीची चिमणी यांचे जन्मवर्ष एक! पण त्या काळच्या काचेच्या ओल्या प्लेटांना फक्त निळा प्रकाश नीट कळे. त्यामुळे आकाश नेहमी जादा उजळून कोरे पांढरे येई. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने यावर तोड काढली: समुद्र एका निगेटिव्हवर आणि ढग दुसऱ्या निगेटिव्हवर घेऊन तो दोन्ही एकाच कागदावर छापत असे. आपण जुने फोटो पाहून 'तेव्हा आकाश किती निरभ्र होते' असे म्हणतो. त्यातले पुष्कळ निरभ्रपण प्लेटचे असते.

आता प्रकाशमापकाबद्दल. माझ्या मते नवशिक्याने सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा. मापकाची सुई समोर काय आहे ते ओळखत नाही. ती समोरच्या प्रत्येक गोष्टीला एक मध्यम करडी वस्तू समजते आणि त्या हिशेबाने प्रकाश सांगते. धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर मापक धरा, चादर करडी येईल. काळ्या छत्रीवर धरा, छत्रीही करडीच येईल. चादर पांढरी हवी असेल तर सुईचे न ऐकता जास्त प्रकाश द्यायचा, छत्री काळी हवी तर कमी. अमेरिकेचे छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास याची एक पद्धत बसवली. शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत अकरा श्रेणी, शून्य ते दहा. प्रत्येक श्रेणी आधीच्या श्रेणीच्या दुप्पट प्रकाशाची. मापक जे सांगतो ती पाचवी. ही श्रेणी मी आमच्या चाळीवर बसवून पाठ केली. जिन्याखालचा कोपरा पहिली, ओले डांबर तिसरी, चिमणीची वीट चौथी, चुना उडालेली भिंत सहावी, दोरीवरचा पांढरा सदरा आठवी. पाश्चात्त्य पुस्तके माणसाचा चेहरा सहाव्या श्रेणीत ठेवायला सांगतात. तो त्यांच्याकडचा गोरा चेहरा. आपल्याकडचा सावळा चेहरा पाचवीत ठेवला तरच तो आपला दिसतो.

प्रत्यक्षात हे असे चालते. समजा गॅलरीच्या कठड्याची सावली मला तिसऱ्या श्रेणीत हवी आहे, म्हणजे काळी पण आतला लाकडाचा पोत दिसणारी. मी मापक फक्त सावलीवर धरते. तो सांगतो: एफ ८, १/६० सेकंद. तसेच काढले तर सावली पाचवीत जाईल. म्हणून दोन पायऱ्या प्रकाश कमी करायचा: एफ ८ वर १/२५०, किंवा १/६० तसाच ठेवून एफ १६. निसर्गचित्रात मी दुसरा मार्ग घेते, कारण छिद्र लहान केले की जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट येते. पन्नास मिलिमीटरचे भिंग एफ १६ वर ठेवून साधारण पाच मीटरवर फोकस केला तर सुमारे अडीच मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट मिळते. मापक नसलाच तर जुना हिशेब लक्षात ठेवावा: लख्ख उन्हात एफ १६ आणि फिल्मच्या वेगाइतका सेकंदाचा भाग. ४०० वेगाच्या फिल्मला १/५०० जवळचा. पावसाळी आभाळाला एफ ५.६ पर्यंत यावे लागते.

सूर्य कुठे असतो याकडे लक्ष देणे हा निराळाच अभ्यास आहे. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. त्यामुळे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, असा वर्षातून दोनदा सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. जुलैत तो ढगाआड असतो, पण मेमध्ये दुपारी सावली पायाखाली दडते आणि सगळे दृश्य सपाट होते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे निम्म्या उंचीवर असतो. सावल्या लांब पडतात, भिंतींचे पापुद्रेसुद्धा उठून दिसतात. कॉलेजच्या परीक्षा नेमक्या कधी असतात ते मी सांगायला नको.

जागेचेही तसेच. गिरगाव चौपाटीवर सूर्यास्ताचे चित्र घ्यायला गर्दी होते, पण पश्चिमेला मलबार हिल आहे. सूर्य तिच्यामागे जातो आणि टेकडी नुसती काळी पट्टी होते. तीच टेकडी सकाळी पाहावी. शहराच्या बाजूने ऊन येते, बॅकबेचे पाणी शांत असते, आणि झाडी आणि इमारती यांचे थर वेगळे होतात. दादरचा किनारा उलट संध्याकाळचा. तो पश्चिमेला उघडा; समोर माहीमचा उपसागर आणि त्यावर २००९ साली खुला झालेला सागरी सेतू. ओहोटीला वाळूत पाणी साचते आणि आकाश खालीही मिळते. तिथे क्षितिज चौकटीच्या मधोमध न ठेवता एकदा वर, एकदा खाली ठेवून पाहा, चित्राचा विषयच बदलतो. परळ आणि लालबागचे पूल पावसात चांगले. धाकटा भाऊ छत्री धरतो, त्याला नंतर वडापाव द्यावा लागतो.

रीळ धुण्याचे काम मी घरीच करते, मोरीत. काळ्या पिशवीत हात घालून रीळ टाकीत भरायचे, मग टाकीत डेव्हलपर. माझा डी-७६, दुप्पट पातळ केलेला. २० अंश तापमानाला माझ्या फिल्मला अकरा मिनिटे लागतात. पण २० अंशाचे पाणी मुंबईत नळाला कधी येते? बर्फाच्या भांड्यात बाटली ठेवून ते २४ पर्यंत उतरवायचे आणि वेळ पावणेआठ मिनिटांवर आणायची. पाणी जितके गरम तितकी वेळ कमी, आणि पाच मिनिटांच्या खाली गेले की फिल्म डागाडागांनी उमटायची भीती. म्हणून मी पातळ द्रावण आणि लांब वेळ हा मार्ग धरला आहे. नंतर पाणी, मग हायपो, मग पुन्हा पुष्कळ पाणी. हे शेवटचे पाणी हाच चाळीतला खरा प्रश्न. नळ पहाटे येतो, म्हणून रीळही पहाटे धुतले जाते. आई म्हणते, "आधी हंडे भरू देत, मग तुझं भूत काढ." धुतलेली फिल्म कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने टांगायची, पण खिडकी लावून, लालबागच्या रस्त्याची धूळ ओल्या फिल्मवर बसली की कायमची बसते. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. त्यासाठी कॅमेरा सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट डब्यात ठेवावा.

आता माझ्या विषयाकडे येते. आमच्या गॅलरीतून ईशान्येला एका बंद गिरणीची चिमणी दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्यांत आजोबा होते. ते साचेखात्यात होते, संपानंतर पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले, काही ठिकाणी चिमणी शोभेला राखली गेली, पुष्कळ ठिकाणी पाडली गेली. आमच्या नैर्ऋत्येलाही एक टॉवर उभा राहिला आहे. डिसेंबरात संध्याकाळी सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो, आणि चारनंतर त्या टॉवरची सावली आमच्या चाळीवरून पुढे जाऊन चिमणीवर पडते. मग पायथ्यापासून एकेक हात वर चढत जाते. शेवटी फक्त वरचे कडे उन्हात राहते, आणि तेही विझते. हे मी घड्याळ लावून पाहिले आहे. चार फोटो घेतले, वीस वीस मिनिटांनी, एकाच जागेवरून.

त्यांतला तिसरा मी छापून आजोबांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ उजेडाकडे धरला. मला वाटले, ते सावलीबद्दल काही म्हणतील. ते म्हणाले, "धूर कुठाय हिला?" मग म्हणाले, "सकाळी धूर कुठल्या अंगाला जातोय बघून आम्ही वारा ओळखायचो." चिमणी उंच का बांधत, हे मी पुस्तकात वाचले होते: उंची जास्त तितकी बॉयलरच्या भट्टीतली हवा जोराने वर ओढली जाते. पण त्या धुराकडे पाहून कोणी वारा ओळखत असेल हे पुस्तकात नव्हते. तेव्हापासून चित्रातले आकाश मी रिकामी जागा समजत नाही. आकाश किती ठेवायचे आणि ते कोणत्या श्रेणीत ठेवायचे, हा आता माझा सर्वांत अवघड निर्णय असतो. धूर गेलेल्या आकाशाला पिवळी काच लावून ढगांनी सजवावे, की कोरे पांढरे सोडावे? मी सध्या कोरे सोडते. आमचे एक सर म्हणाले, चित्र अपुरे वाटते. त्यांचे म्हणणे मला पटत नाही, पण नाकारताही येत नाही.

चिमणीचे एक चित्र मात्र अजून मिळायचे आहे: पायथ्यापासून कड्यापर्यंत पूर्ण उन्हातले. त्याचे कारण भूगोलात आहे. सूर्यास्ताची जागा डिसेंबरनंतर रोज थोडी उत्तरेकडे सरकते, त्याबरोबर टॉवरची सावली दक्षिणेकडे सरकते. माझ्या हिशेबाने होळीच्या सुमारास ती चिमणीवरून सुटेल, आणि मग संध्याकाळी पाचचे तिरपे ऊन विटेच्या प्रत्येक ओळीवर पडेल. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचे कागद झाले आहेत. वार्षिक परीक्षा संपली की आम्हाला खोल्या रिकाम्या करून संक्रमण शिबिरात जायचे आहे, आणि ते इथून लांब आहे. होळी ते परीक्षा एवढेच दिवस हातात आहेत, त्यांतले निरभ्र किती आणि धुरक्याचे किती कोण जाणे. रिळात अकरा फोटो शिल्लक ठेवले आहेत. आजोबांना कठड्यापाशी उभे करून एक घ्यावा, असेही मनात आहे. मापक त्यांच्या सावळ्या गालावर धरायचा, सुईचे तसेच ऐकायचे, आणि आकाश जाईल तिथे जाऊ द्यायचे. ते उभे राहायला तयार नाहीत. म्हणतात, गिरणीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही.

ज्यांना रीळ धुवायला शिकायचे असेल त्यांनी शनिवारी ग्रंथालयाबाहेर भेटावे. टाकी आणि काळी पिशवी माझ्याकडे आहे, हायपो ज्याचा त्याने आणावा. परीक्षेनंतर मात्र पत्ता बदललेला असेल.